५८ क्रमांकाची होंडा: मार्को सिमोन्चेलीच्या मोटारसायकलची १:१२ स्मृती-आवृत्ती

इटालियन चालक मार्को सिमोन्चेली मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक गटात २०११च्या मोसमात ज्या होंडा आरसी२१२व्ही मोटारसायकलवर लढला, तिची १:१२ मापातील तयार प्रतिकृती गेले काही महिने रोज माझ्या नजरेसमोर आहे. डाय-कास्ट धातू आणि प्लास्टिक अशा मिश्र बांधणीची ही वस्तू सुमारे १७ सेंटीमीटर लांब असून ती जोडावी किंवा रंगवावी लागत नाही. सोबत काळा चौथरा, पारदर्शक झाकण, चालकाची सुटी मूर्ती आणि चार पानांचे माहितीपत्रक मिळते. याच गाडीची साधी आवृत्तीही त्याच उत्पादकाने काढली आहे. स्मृती-आवृत्तीची किंमत तिच्यापेक्षा बरीच जास्त आहे, आणि दोन्ही खोक्यांतील गाडी एकच असल्यामुळे ही जास्तीची रक्कम मूर्ती, चौथरा आणि माहितीपत्रक यांचीच आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य हरकत या प्रकारच्या अनेक वस्तूंना लागू होण्यासारखी आहे आणि ती एकाच कंपनीच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

शर्यतीत जीव गमावलेल्या २४ वर्षांच्या मुलाच्या नावाने एखादी वस्तू विकली जाते, तेव्हा तिची कारागिरी तर तपासावी लागतेच, पण ती पाहिल्यावर त्या मुलाचे नेमके काय आठवते हेही तपासावे लागते. कारागिरीत ही प्रतिकृती सरस आहे. आठवण जागवण्याच्या कामात मात्र ती अर्ध्या वाटेवर चुकते, आणि चुकते ती अशा ठिकाणी, जिथे थोडा विचार केला असता तर काही खर्च न वाढता दुरुस्ती करता आली असती.

आधी गाडीविषयी. सान कार्लो होंडा ग्रेसिनी संघाची पांढरी-लाल रंगसंगती स्वच्छ उतरली आहे. दोन रंगांच्या सीमेवर कुठेही ओघळ नाही आणि प्रायोजकांची अक्षरे भिंगाखाली धरली तरी वाचता येतात. स्वस्त प्रतिकृतींमध्ये पुढच्या चाकाच्या ब्रेक डिस्क स्टीलसारख्या चकचकीत केलेल्या असतात. मोटोजीपीच्या कोरड्या शर्यतीत त्या कार्बनच्या असतात, त्यामुळे त्यांना चकाकी नसते, आणि इथे त्यांना तसाच काळसर, मंद पोत दिला आहे. सायलेन्सरचे तोंड आतून पोकळ असून त्याच्या कडेला तापलेल्या धातूवर चढते तशी निळसर-तपकिरी छटा आहे. मला सर्वांत आवडले ते टायर. स्लिक टायरचा मधला भाग गुळगुळीत आणि दोन्ही कडांना घासून खरखरीत झालेला पट्टा, हा फरक कारागिराने नेमका टिपला आहे. गाडी वळणात खोल झुकवून चालवली की रबर कडेला असेच सोलवटून निघते, आणि सिमोन्चेली गाडी कशी हाकत असे हे ज्याने पाहिले आहे त्याला तो पट्टा पाहून ओळख पटते. उणिवा किरकोळ आहेत. साखळी म्हणजे प्लास्टिकची एकसंध पट्टी आहे, ब्रेकच्या नळ्या मापाच्या मानाने जाड आहेत आणि माझ्या नगात विंडस्क्रीनच्या डाव्या कडेला गोंदाचा पांढरट डाग होता. विक्रेत्याने तो भाग विनातक्रार बदलून दिला.

मूर्ती तर गाडीहूनही सरस आहे. सिमोन्चेलीची उंची १८३ सेंटीमीटर होती. या खेळात एवढी उंची अडचणीचीच ठरते, कारण उंच चालकाचे वजन जास्त भरते आणि सरळ पट्ट्यावर काचेमागे अंग चोरायला जागा पुरत नाही. मूर्ती १५ सेंटीमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मापात चोख आहे, आणि गाडीशेजारी उभी केली की त्या दोघांमधले ते किंचित विजोड नाते लगेच दिसते. त्याच्या कुरळ्या, चहूबाजूंनी उसळलेल्या केसांचा डोलारा हे तर त्याचे ओळखचिन्हच होते. इथे तो एकजीव गोळा न करता बटा सुट्या कोरल्या आहेत. चेहरा हसरा आहे, डोळे थोडे मिचकावलेले आहेत आणि हेल्मेट डाव्या काखेत आहे. शेवटच्या अपघातात त्याचे हेल्मेट डोक्यावरून निघून गेले होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांची नजर त्या काखेतल्या हेल्मेटच्या लोंबत्या पट्ट्यावर थबकल्याशिवाय राहणार नाही. तरीही हेल्मेट काढलेली मूर्ती घडवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण त्याशिवाय चेहरा दिसला नसता, आणि त्या चेहऱ्यावरच लोकांचा जीव होता.

खरी अडचण चौथऱ्याची आहे. त्यावर डांबरी रस्त्याचा एक हातभर भासावा असा तुकडा बनवला आहे, कडेला लाल-पांढरा कर्ब आहे, आणि पुढच्या पट्टीवर चंदेरी अक्षरांत ‘सेपांग, २३ ऑक्टोबर २०११’ असे कोरले आहे. गाडी या तुकड्यावर स्क्रूने पक्की बसवलेली असते.

त्या दिवशी मलेशियाच्या सेपांग सर्किटवर काय घडले, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत, अकराव्या वळणावर सिमोन्चेलीच्या गाडीची पकड सुटली. असे झाले की बहुतेक वेळा गाडी आणि चालक दोघेही वळणाच्या बाहेरच्या बाजूला घसरत जातात, ट्रॅक सोडून वाळूत विसावतात आणि चालक कपडे झटकत उठतो. इथे मात्र आडव्या होत चाललेल्या गाडीच्या टायरांनी पुन्हा पकड घेतली, गाडी बाहेर जाण्याऐवजी ट्रॅक ओलांडून आतल्या बाजूला वळली, आणि तिला अजून धरून असलेला सिमोन्चेली थेट मागून येणाऱ्या कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रॉसी यांच्या वाटेत आला. त्यांना टाळायला अवधीच नव्हता. शर्यत लाल झेंडा दाखवून थांबवण्यात आली आणि पुढे रद्द झाली. रॉसी हा त्याचा जिवलग मित्र आणि सरावातला जोडीदार होता, ही गोष्ट या दुःखाला आणखी एक असह्य पदर जोडते, आणि त्यात कोणाचाही दोष नव्हता हे इथे स्पष्ट नोंदवायला हवे.

ज्या ट्रॅकवर आणि ज्या तारखेला हे घडले ते ठिकाण आणि ती तारीख चौथऱ्यावर कोरून, त्यावर तीच गाडी अखंड, स्वच्छ, एकही ओरखडा नसलेली उभी करण्यामागे उत्पादकाचा हेतू आदराचाच असावा, हे मी मान्य करतो. पण पाहणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम वेगळाच होतो. गाडीकडे पाहताना नजर तिच्या बांधणीवरून, त्या घासलेल्या टायरांवरून सुटते आणि मन दर वेळी त्या अकराव्या वळणाशी जाऊन थांबते. आठ-नऊ वर्षांच्या कारकिर्दीतील काही सेकंद उरलेल्या सगळ्यावर सावली धरून बसतात. एखाद्याची स्मृती जपायची तर त्याचा कोणता दिवस जपायचा, हा प्रश्न या चौथऱ्याने विचारातच घेतलेला नाही.

आणि दिवसांची वानवा मुळीच नव्हती. २००४ साली स्पेनमधील हेरेस येथे १२५ सीसी या लहान इंजिनांच्या गटात त्याने पहिली जागतिक शर्यत जिंकली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. २००८ साली गिलेरा गाडीवर तो २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला, आणि ते विजेतेपद त्याने निश्चित केले ते याच सेपांगमध्ये. म्हणजे सेपांगचे नाव कोरायचेच असेल, तर त्याच मातीने त्याला आधी जगज्जेतेपद दिले होते; फक्त त्यासाठी गाडी गिलेराची घ्यावी लागली असती. होंडाच घ्यायची म्हटली तरी २०११चा मोसम भरलेला आहे. वसंत ऋतूत ला माँ येथे दानी पेद्रोसाशी झालेल्या धडकेत पेद्रोसाचे गळपट्टीचे हाड मोडले आणि सिमोन्चेलीवर बेदरकारपणाची चौफेर टीका झाली. ती टीका सगळीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. त्यानंतर कातालुन्या आणि आसेन येथे त्याने सर्वांत वेगवान फेरी मारून पहिल्या स्थानावरून सुरुवात केली. ऑगस्टमध्ये बर्नो येथे तिसरा क्रमांक मिळवून मोटोजीपीतील पहिले पदकस्थान पटकावले. १६ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे केसी स्टोनरच्या पाठोपाठ तो दुसरा आला. ही त्याची या गटातील सर्वोत्तम कामगिरी होती आणि ती त्याच्या मृत्यूच्या बरोबर एक आठवडा आधीची आहे. वेग त्याच्याकडे आधीपासून होता, आता त्याला समज येऊ लागली होती. जे गमावले ते किती मोठे होते, हे फिलिप आयलंडच्या त्या दुसऱ्या क्रमांकावरून सेपांगपेक्षा अधिक कळते.

त्याच्या जवळच्या माणसांनी शोक कसा केला, तेही उत्पादकाने पाहायला हवे होते. पुढची आणि मोसमातली शेवटची शर्यत ६ नोव्हेंबर २०११ रोजी व्हॅलेन्सिया येथे होती. तिथे तिन्ही गटांचे चालक एकत्र मानवंदनेच्या फेरीसाठी ट्रॅकवर उतरले आणि त्यांच्या पुढे, सिमोन्चेलीच्या होंडावर, १९९३चा ५०० सीसी जगज्जेता केव्हिन श्वांट्झ होता. त्यानंतर रिवाजाप्रमाणे मिनिटभर शांतता पाळायची, तर वडील पाओलो यांच्या इच्छेनुसार मिनिटभर आवाज करण्यात आला: इंजिने गर्जली, फटाके फुटले, प्रेक्षकांनी कल्ला केला. आपल्या मुलाला गप्प राहणे कधी जमले नाही, त्याला निरोपही तसाच द्यावा, हे त्या बापाला दोन आठवड्यांच्या आत, एवढ्या दुःखात सुचले. मला या खेळाच्या इतिहासात याहून नेमकी मानवंदना आठवत नाही.

कोरियानो या त्याच्या गावातील स्मारकही याच वळणाचे आहे. तिथे मोटारसायकलच्या एक्झॉस्टच्या आकाराचे एक भव्य शिल्प उभे असून त्यातून दर रविवारी ५८ सेकंद ज्वाळा बाहेर पडतात. रविवार हा शर्यतीचा वार, आणि ५८ हा त्याच्या गाडीचा क्रमांक. हा क्रमांक २०१६ साली मोटोजीपीतून कायमचा निवृत्त करण्यात आला.

कोरियानोजवळचे मिसानो सर्किट २०१२पासून त्याचे नाव लावते, आणि या एका जागेत या खेळाचे किती दुःख साठले आहे ते पाहण्यासारखे आहे. याच सर्किटवर ५ सप्टेंबर २०१० रोजी शोया तोमिझावा हा १९ वर्षांचा जपानी चालक मोटो२ या मोटोजीपीच्या खालच्या गटाच्या शर्यतीत मृत्युमुखी पडला. त्या वर्षी नव्याने सुरू झालेल्या मोटो२ गटातील अगदी पहिली शर्यत त्यानेच कतारमध्ये जिंकली होती. सर्किटपाशी जो रस्ता जातो त्याला दाइजिरो कातोचे नाव आहे. २००१चा २५० सीसी जगज्जेता कातो ६ एप्रिल २००३ रोजी सुझुका येथे अपघातात सापडला आणि दोन आठवड्यांनी गेला. त्याचा ७४ क्रमांकही निवृत्त झाला. कातो आणि सिमोन्चेली दोघेही फाउस्तो ग्रेसिनी यांच्या संघाचे चालक होते. ज्या माणसाने आपल्या संघाची दोन मुले अशी गमावली आणि तरीही पुढच्या मोसमात पुन्हा गॅरेज उघडले, ते ग्रेसिनीही २०२१ साली कोविडने गेले. सिमोन्चेलीच्या नावाच्या सर्किटवर आजही दर वर्षी शर्यत होते, आणि गाड्या तिथे पूर्ण वेगाने धावतात.

वडिलांनी तर एक संघच उभा केला. २०१३ साली पाओलो सिमोन्चेली यांनी मुलाच्या टोपणनावाने आणि क्रमांकाने ‘सिक५८ स्क्वाद्रा कोर्से’ हा तरुण चालकांचा संघ सुरू केला. ज्या खेळाने मुलगा हिरावला त्याच खेळात दुसऱ्यांची मुले घेऊन उतरण्याचा हा निर्णय सर्वांना पटेल असे नाही, आणि मलाही त्यावर दीर्घ काळ विचार करावा लागला. पण ५ मे २०१९ रोजी या संघाने मोटो३ या सर्वांत लहान गटाच्या जागतिक स्पर्धेतील पहिला विजय मिळवला तो हेरेसला, जिथे मार्कोने आपली पहिली शर्यत जिंकली होती. निकोलो आंतोनेल्ली पहिला आणि तात्सुकी सुझुकी दुसरा, दोघेही याच संघाचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुझुकीने मिसानोलाही शर्यत जिंकली. या निकालांनंतर तो निर्णय चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. याशिवाय मार्कोच्या नावाचे प्रतिष्ठान दिव्यांगांसाठी आणि गरजूंसाठी काम करते, ते वेगळेच.

हे सारे तपशील माहितीपत्रकाच्या चार पानांत सहज मावले असते. प्रत्यक्षात त्यातील दोन पाने छायाचित्रांनी भरली आहेत, एक पान गाडीच्या तांत्रिक माहितीचे आहे, आणि उरलेल्या पानावर चालकाविषयी जो मजकूर आहे त्यात २००८चे जगज्जेतेपद १२५ सीसी गटातील असल्याचे छापले आहे. ही चूक मला क्षम्य वाटत नाही. साध्या आवृत्तीच्या खोक्यावर ती असती तर छपाईची घाई म्हणून सोडून दिली असती. पण ज्या वस्तूचे जास्तीचे पैसे स्मृतीच्या नावाने घेतले, तिच्यावर त्या माणसाने कमावलेले एकमेव जगज्जेतेपद तरी अचूक असायला हवे. व्हॅलेन्सियाच्या फेरीचा, वडिलांच्या संघाचा किंवा प्रतिष्ठानाचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही. विक्रीतील काही वाटा प्रतिष्ठानाकडे जातो की नाही, हेही खोक्यावर कुठे लिहिलेले नाही. जात असेल तर तसे छापण्यात संकोच कशाला, आणि जात नसेल तर खरेदीदाराला ते आधी कळले पाहिजे. मृत खेळाडूच्या नावाने निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एवढी एक ओळ असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापराच्या दृष्टीने आणखी थोडे. झाकणाचे प्लास्टिक लवकर चरे धरते, त्यामुळे कोरड्या फडक्याने पुसू नये. मऊ ओलसर कापड वापरावे. गाडी थेट उन्हात ठेवू नये, कारण लाल डिकॅल, म्हणजे गाडीवर चिकटवलेली चिन्हे, उन्हाने फिकी पडतात. मूर्ती चुंबकाने चौथऱ्याला धरते आणि ती पकड मजबूत आहे. चौथऱ्याचे दोन्ही स्क्रू खालून सहज निघतात, मात्र स्क्रू काढल्यावर गाडीला उभे राहायला आधार उरत नाही, आणि मागच्या चाकाखाली लावायचा पॅडॉक स्टँड फक्त साध्या आवृत्तीसोबत येतो.

तेव्हा खरेदीचा विचार करणाऱ्यांना माझा सल्ला असा. साधी आवृत्ती घ्यावी. गाडी हीच, टायर हेच, ब्रेक डिस्क याच, आणि स्टँडवर उभी केल्यावर ती शर्यतीला निघण्याच्या तयारीत असलेल्या गाडीसारखी दिसते. मूर्ती काही विक्रेत्यांकडे सुटी मिळते, ती जरूर मिळवावी, कारण तो हसरा चेहरा आणि ते केस यांच्याशिवाय हा संच अपुरा वाटेल. उत्पादकाला मी कळवले आहे की पुढच्या खेपेत माहितीपत्रकातील १२५चे २५० करावे, प्रतिष्ठानाविषयीची ओळ छापावी, आणि चौथऱ्याची पट्टी बदलून तिच्यावर ‘फिलिप आयलंड, १६ ऑक्टोबर २०११’ किंवा ‘व्हॅलेन्सिया, ६ नोव्हेंबर २०११’ कोरावे. तसे झाले, तर हीच स्मृती-आवृत्ती जास्त पैसे मोजून घ्यावी असे मी निःसंकोच सुचवीन.